उंदरांचा बेंदूर

आमचे सर उंदराला आधी 'शरणु' म्हणायचे आणि मगच त्याच्या घशात नळी घालायचे.

शरणु म्हणजे त्यांच्या लिंगायत घरातला नमस्कार. डाव्या मुठीत पांढरा उंदीर, उजव्या हातात बोथट तोंडाच्या नळीची सिरिंज, आणि सरांचा आवाज इतका खाली की उंदराला नि मला, दोघांनाच ऐकू जावा. "शरणु. कडू हाय. घ्या." उंदीर निमूट घ्यायचा. मी पाजायला गेले की तोच उंदीर माझ्या बोटाला कडकडून चावायचा. मी शिरोळची. उसाच्या फडात ह्या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं असतं, त्यामुळं हळू आवाज आमच्या घरात कुणाला लावताच येत नाही. सर म्हणायचे, "बाई, तुमचा आवाज ऐकूनच निम्मं यकृत जातंय त्याचं. औषधाला काय काम ठेवता?"

सर सगळ्यांना अहोजाहो करत. शिपायाला, विद्यार्थ्याला, उंदराला. मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावचे. तिथं अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कन्नड, आणि भांडण लागलं की सगळं गाव दोन्ही बोलतं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, घरात अंड्याचा वाससुद्धा चालायचा नाही. आणि अशा माणसाची नोकरी काय, तर उंदरांना कीटकनाशक पाजून त्यांची यकृतं बघायची. आता काय म्हणायचं ह्याला? मी एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा ते खिडकीतून टेंबलाईच्या टेकडीकडं बघायला लागले. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, "कुणीतरी शरणु म्हणणारं पायजे का नको तिथं?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी त्यांच्याकडं पीएच.डी. करायला आले होते. विषय साधा होता. शेतात फवारायचं औषध अंगात गेलं की यकृताचं काय होतं, आणि मग भुईआवळीचा अर्क दिला तर ते सुधारतं का. भुईआवळी म्हणजे बांधाबांधाला उगवणारं तण, पानाखाली मोहरीएवढी फळं लटकलेली असतात ते. कावीळ झाली की आपल्याकडं घरोघरी देतात. सरांनी ह्या तणापायी अर्धी नोकरी घातली होती. त्यांचे पेपर होते, त्या पेपरांच्या आधारानं दुसऱ्यांचे पेपर होते. औषधानं बिघडलेलं यकृत भुईआवळीनं पुन्हा उभं राहतं, ह्याबद्दल आमच्या विभागात कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या तर नव्हतीच, मला लवकर प्रबंध संपवायचा होता.

लवकर हा शब्द मात्र सरांकडं चालायचा नाही. दुपारी विभाग शांत व्हायचा. झायलीन नावाच्या रसायनाचा गोडसर वास, मेणाच्या ओव्हनची ऊब, आणि सर मायक्रोटोमचं चाक फिरवत बसलेले. मेणात बसवलेला यकृताचा तुकडा त्या यंत्राला लावला की पात्याखालून त्याची लांब फीत निघते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ती फीत सर कोमट पाण्यावर सोडायचे आणि तिच्या सुरकुत्या जायची वाट बघायचे. बघता बघता त्यांची मान कलायची, डोळे अर्धे मिटायचे.

"सर, झोप लागली काय?"

"न्हाय. ती उलगडायलीया."

"किती वेळ?"

"तिला इचारा की."

पहिल्या वर्षी मला वाटायचं, ह्या माणसाचा एक स्क्रू ढिला आहे. दुसऱ्या वर्षी मीही त्या पाण्याकडं बघत बसायला लागले. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडायचं, मेण हळूहळू सपाट व्हायचं, पिंजऱ्यांच्या खोलीतून उंदरांच्या कूस बदलण्याची खुडबुड यायची, आणि आपण कोल्हापुरात आहोत, आपल्याला एक प्रबंध लिहायचाय, घरी आई स्थळं बघतेय, हे सगळं कुठल्या कुठं जायचं. तशा दुपारी पुन्हा मला कधी मिळाल्या नाहीत.

फीत काचेला चिकटवायला अंड्यातलं पांढरं लागतं. सर अंड्याला हात लावत नसत, म्हणून फोडायचं काम माझं. उरलेलं पिवळं जायचं दारातल्या मांजरीला. उंदरांच्या घराबाहेर मांजर पोसणारा विभाग दुसरीकडं असेल तर मला दाखवा. सर म्हणायचे, "तिला बी कायतरी मिळू दे की. नुसता वास घेऊनच जगायचं व्हय तिनं?"

स्लाइड रंगात बुडवली की किती वेळ ठेवायची, ह्याचा सरांकडं घड्याळाशी संबंध नव्हता. ते एक कन्नड वचन, म्हणजे लिंगायतांचं भक्तिपद, म्हणायचे. वचन संपलं की स्लाइड बाहेर. लहानपणी त्यांच्या बहिणीनं शिकवलेलं वचन, अगदी साध्या चालीचं. घड्याळ का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाले, "घड्याळाचा सेल संपतोय." बाहेरून येणारे तज्ज्ञ मायक्रोस्कोपाला डोळा लावायचे आणि न चुकता म्हणायचे की तुमच्या स्लाइडी जरा फिकट असतात बुवा. सर सांगायचे, "कोल्हापूरचं पाणी."

स्लाइड वाचायची त्यांची एक रीत होती. कुठल्या पिंजऱ्याची कुठली, हे त्यांना कळता कामा नये. काचेवरच्या खुणेवर मी कागदाची पट्टी चिकटवायची, स्लाइडी पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि मग त्यांच्यापुढं ठेवायच्या. "नाव दिसलं की डोळा वशिला लावतोय," ते म्हणायचे. एका डोळ्यानं मायक्रोस्कोपात बघत ते सांगत जायचे. ही पेशी दमलीया. ही रुसून बसलीया. हिच्या पोटात चरबी साठलीया, हे औषध खाल्लेलं. आणि हे बघा, हे पुन्हा उठून बसलंय, हे भुईआवळीच्या काढ्याचं. मी पट्ट्या काढून बघायची, आणि सर कधी चुकायचे नाहीत. मला त्या वेळी ह्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटायचं, पण मी म्हणायची, "जमलं बऱ्यापैकी."

आता त्यांच्या बहिणीविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

सर तिला अक्का म्हणायचे, ती सरांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, अक्काला लग्नानंतर लगेचच वैधव्य आलं, आणि ती माहेरी परत येऊन मिरचीचं रान करायला लागली. त्या मिरचीवर तिनं भावाला शिकवलं. सर नोकरीला लागले, त्यांनी लग्न केलं नाही, आणि दर शनिवारी एसटीनं गावाकडं जाऊन अक्काला काही ना काही द्यायचा नाद लावून घेतला. अक्का काही घ्यायची नाही. पहिल्या पगाराचं इरकली लुगडं तिनं शेजारच्या पोरीच्या लग्नात देऊन टाकलं. गादी नेली तर ती पाहुण्यांसाठी माळ्यावर चढली. घर पक्कं करतो म्हटलं तर म्हणाली, मातीत काय वाईट हाय. "तू पोटाला नीट खा. मला काय कमी हाय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तिनं दिलं आणि ह्यांनी घेतलं, एवढाच व्यवहार तिला ठाऊक होता, तो उलटा फिरवायला ती तयार नव्हती.

एकदा तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा सरांनी बांधावरची भुईआवळी खुडून, उकळून, गाळून वाटीभर काढा तिच्यापुढं धरला. तो तिनं घेतला. तण होतं, फुकटचं होतं, म्हणून घेतला असेल. तेव्हापासून रोज सकाळी वाटीभर. सर शनिवारी जाऊन स्वतःच्या हातानं करून द्यायचे आणि आठवडाभराची वाळवलेली पूड बांधून ठेवायचे. एका दुपारी फितीकडं बघता बघता ते मला म्हणाले, "बाई, एवढी एक गोष्ट ती माझ्याकडनं घेते." सांगताना त्यांचा चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा झाला होता. मी एरवी त्यांना चिडवायची संधी सोडत नसे, त्या दिवशी सोडली.

त्यांच्या गावच्या जत्रेला मी एकदा गेलते. अक्का रानात होती. बादलीत फवारणीचं औषध कालवत होती, आणि कशानं, तर हातानं. कोपरापर्यंत हात त्या पांढऱ्या पाण्यात. मी शिरोळच्या आवाजात ओरडले. काठी घ्या, हात धुवा, हे अंगात जातं, आम्ही रोज बघतो ह्याचं काय होतं ते. अक्का हसली. हात काही बाहेर काढला नाही.

"ओरडू नगंस पोरी. सकाळी तम्माचा काढा घेतलाय की. मला काय हुतंय?"

मी सरांकडं बघितलं. ते मिरचीच्या झाडांकडं बघत होते. त्यांनी तिला आधी शंभरदा सांगितलं असणार, पण त्या घडीला ते काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या पेपरांत थोडंफार तसंच लिहिलेलं होतं.

आणि आता बेंदूर. बैलांचा सण. सरांच्या गावात कर्नाटकी बेंदूर, इकडं महाराष्ट्रीय बेंदूर, सर दोन्ही पाळायचे. बैल नसले म्हणून काय झालं? "आपल्याकडं राबणारी जनावरं कोण? हीच की," असं म्हणून ते सणाच्या दिवशी उंदरांना सुट्टी द्यायचे. नळी नाही, सुई नाही, कात्री नाही. सगळ्या पिंजऱ्यांना पुरणपोळीचा एकेक तुकडा. शास्त्राच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता. माझ्या डोक्यावर सगळे मिरे त्या सणाला वाटले जायचे, कारण दिवसांचा हिशेब मला जुळवावा लागे. पण पोळीचा तुकडा दोन्ही पायांत धरून खाणारा उंदीर बघितला की राग टिकत नसे.

माझ्या प्रयोगात त्या वर्षी औषध पाजायचे दिवस संपले. काही उंदरांची यकृतं त्याच दिवशी काढून झाली, बिघाड कसा दिसतो ते दाखवायला. एका पिंजऱ्याला पुढं काही आठवडे काढा द्यायचा होता. आणि औषध घेतलेल्याच उरलेल्या एका पिंजऱ्यातल्यांची यकृतं दुसऱ्या दिवशी काढायची होती. दुसऱ्या दिवशी नेमका बेंदूर.

"आज मरण न्हाय," सर म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडनं फोन. अक्का फवारता फवारता रानात पडली होती. सर होते त्या कपड्यांवर निघाले आणि दारातून वळून मला म्हणाले, "मी येईपर्यंत कुणाला हात लावायचा न्हाय." कारण सर नसताना शरणु कोण म्हणणार? मी एका पिंजऱ्याला रोज काढा पाजत राहिले. दुसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर खात होते, झोपत होते, त्यांना कुणी काही देत नव्हतं. मी त्याला बेंदराचा पिंजरा म्हणायला लागले. सर गडहिंग्लजच्या दवाखान्यात अक्काच्या उशाशी, मी इथं उंदरांच्या उशाशी, असे ते आठवडे गेले.

अक्का वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत सुजलंय, औषध अंगात जातंय, रानातलं काम थांबवा. अक्कानं ह्या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडलं. तिनं गावभर सांगितलं, तम्माच्या काढ्यानं वाचले. आणि हिंडायला लागल्याबरोबर पुन्हा बादलीत हात.

सर परतले, सगळ्यांना शरणु म्हणून झालं, स्लाइडी झाल्या. मी पट्ट्या चिकटवल्या, पिसल्या, पुढं ठेवल्या. सर थकले होते, पण मायक्रोस्कोपाला डोळा लावला की त्यांचा शीण जायचा. हे औषधाचं, हे निरोगी, हे काढ्याचं. मग अजून एक घेतलं आणि म्हणाले, "हे बी काढ्याचंच. बघा कसं उठून बसलंय."

मी पट्ट्या काढल्या. एक काढ्याचं होतं. दुसरं बेंदराच्या पिंजऱ्यातलं.

"चुकून बदललं असंल," सर म्हणाले. ते बदललेलं नव्हतं. त्या पिंजऱ्याच्या उरलेल्या सगळ्या स्लाइडी त्यांनी बघितल्या, मग काढ्याच्या बघितल्या, मग पुन्हा ह्या. दुपार सरली. मांजर येऊन दारात ओरडून गेली. शेवटी त्यांनी खुर्ची मागं घेतली आणि टेकडीकडं बघत म्हणाले, "बाई, माझ्या जुन्या कामात हा पिंजराच नव्हता. औषध बंद करून मी लगेच काढा द्यायचो. नुसतं मोकळं सोडलेलं जनावर मी कधी ठेवलंच न्हाय. औषध थांबलं म्हणून यकृत आपलं आपण सुधारलं, आणि मी म्हणत बसलो, काढ्यानं सुधारलं."

मला माझं पडलं होतं. मी म्हटलं, "सर, मग माझा प्रबंध?"

"लिवा की, काढ्यानं काय झालं न्हाय म्हणून. कुणीतरी लिवायला पायजेच."

आणि ते तसंच लिहिलं गेलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, की हा उपचार न केलेला पिंजरा ठेवायचं तुम्हाला सुचलं कसं, फार छान योजना आहे. मी म्हटलं, "बेंदूर होता सर." ते हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

पण त्याआधी सर म्हणाले, सगळं पुन्हा करू. ह्या खेपेला बेंदराचा पिंजरा मुद्दाम ठेवला. आणि सरांनी एक पिंजरा वाढवायला सांगितला. त्यातल्या उंदरांना सकाळी काढा आणि नंतर औषध, दोन्ही, रोज. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. त्या पिंजऱ्याला शरणु म्हणताना त्यांचा आवाज मलाही ऐकू यायचा नाही.

निकाल तोच आला. मोकळं सोडलेलं सुधारलं. काढ्याचं तेवढंच सुधारलं. आणि दोन्ही रोज घेतलेलं, ते पार बिघडलेलं, काढा न घेतलेल्याइतकंच.

त्या वेळी मला रडू आलं होतं. प्रबंधासाठी नव्हे. ह्या माणसानं आयुष्यात बहिणीला दिलेली आणि तिनं घेतलेली एकच गोष्ट, आणि ती आम्ही दोघांनी मिळून पोकळ ठरवली होती. न सांगावं, तर ती काढ्याच्या भरवशावर बादलीत हात घालत राहणार आणि मरणार. सांगावं, तर ह्यांच्या हातात तिला द्यायला काही उरणार नाही. सरांनी बरेच दिवस काही केलं नाही. फीत पाण्यावर सोडायचे आणि ती उलगडून झाली तरी बघत बसायचे.

मग अक्काला कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवायला आणलं, तेव्हा परतीच्या वाटेवर ते तिला रिक्षातनं विभागात घेऊन आले. हिरवं लुगडं, कानात बुगड्या, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला. मांजर बघून म्हणाली, "ह्या उंदरांच्या घरात ही काय करायलीया?" सर स्लाइड रंगात बुडवून वचन म्हणत होते. अक्का स्टुलावर बसून ऐकत होती. वचन संपलं, सर स्लाइड उचलणार तेवढ्यात ती म्हणाली, "एक ओळ खाल्लीस, तम्मा."

"कुठली?"

तिनं ती म्हणून दाखवली. सरांनी पुन्हा सगळं म्हटलं, त्या ओळीसकट, आणि मगच स्लाइड बाहेर काढली. आमच्या विभागात चांगली गडद रंगलेली ती पहिली स्लाइड. इतकी वर्षं बिचाऱ्या कोल्हापूरच्या पाण्याला बोल लागत होता.

मग मायक्रोस्कोप. अक्काला एक डोळा मिटता येईना. सर तिच्या मागं उभे राहिले आणि तिचा डावा डोळा त्यांनी आपल्या तळव्यानं झाकला. पहिली स्लाइड लावली.

"काय दिसतंय?"

"गुलाबी. कायबी न्हाय त्यात."

दुसरी लावली. अक्का जरा पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हे झ्याक हाय की रे. जोंधळ्याच्या लाह्या फुटल्यागत. असल्या छापाचं लुगडं मिळत असंल तर घे मला एक."

जन्मात तिनं भावाकडं काही मागितलं नव्हतं. मी सरांकडं बघू शकले नाही. तिच्या डोळ्यावरचा तळवा त्यांनी काढला नव्हता. तसाच ठेवून ते म्हणाले, "अक्का, हे काळीज हाय, यकृत. उंदराचं. त्या लाह्या न्हाईत, भोकं पडल्यात ती चरबीची. ह्येला रोज फवारणीचं औषध दिलं, आणि रोज काढा बी दिला."

"काढा दिऊन बी?"

"व्हय. तुझं बी आत असंच झालंय."

"आणि ते पयलं, गुलाबी?"

"ते बी बिघडलेलंच हुतं. त्येला काढा न्हाय दिला. नुसतं औषध बंद केलं."

अक्कानं भावाचा हात आपल्या डोळ्यावरून काढला आणि मांडीवर धरून ठेवला.

"म्हंजे काढ्यात काय न्हाय."

"न्हाय, अक्का."

"इतकी वरसं."

"मला वाटायचं हाय. चुकलो मी."

मला वाटलं, अक्का आता चिडेल, किंवा म्हणेल की तुमचे उंदीर खोटं बोलतात. आमच्या शिरोळला म्हटलं असतं. पण तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि तिथं तिला काय दिसायचं ते दिसलं असावं.

"बरं," ती म्हणाली. "रानात औषध मारायचं सोडलं. बादलीत हात घालणार न्हाय. मिरची गेली तर जाऊ दे, जोंधळा पेरू. पर वाटी सोडणार न्हाय. ती तू द्यायचीस."

"अगं, आत्ताच बघितलंस. त्यात काय न्हाय."

"बघितलं की. म्हणून तर म्हंतीया. कशाच्याच मोलाचं न्हाय, मग घ्यायला काय हरकत हाय मला?"

सर 'साकु' म्हणाले. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. आणि मायक्रोस्कोपाचा दिवा बंद करायला म्हणून पाठ फिरवून उभे राहिले, ते बराच वेळ दिव्याशी झटापट करत राहिले.

आता मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते. नवी पोरं येतात, त्यांना मी सांगते की एक पिंजरा नेहमी मोकळा ठेवायचा. ती त्याला इंग्रजी नाव सांगतात. मी बेंदराचा पिंजरा म्हणते, आणि माझ्या आवाजामुळं आता सगळी तेच म्हणतात.

सर निवृत्त होऊन गावाकडं गेले, त्यानंतर, दोन हजार सालाच्या पुढं, मी एकदा भेटायला गेले. सकाळची वेळ. अंगणात दोन माणसं सरांची वाट बघत बसलेली, पिवळ्या डोळ्यांची. काढा द्या म्हणत होती. अक्का बरी झालेली गावानं बघितली होती ना. सर सांगत होते, "काढ्यानं न्हाय झाली. औषध मारायचं थांबवा, डॉक्टरकडं जावा." दोघं उठून गेली आणि फाटकापाशी एक दुसऱ्याला म्हणाला, "लई चिकट माणूस. बहिणीला दितोय, आपल्याला देत न्हाय."

अक्का सोप्यात बसली होती. अंगानं भरली होती, डोळे स्वच्छ. मला बघून आत गेली आणि कागदात गुंडाळलेलं लुगडं घेऊन आली. गुलाबी, त्यावर पांढरे ठिपके, फुटलेल्या लाह्यांसारखे. सरांनी कोल्हापूरचा महाद्वार रोड पालथा घालून आणलेलं. "तम्मानं आणलंय. मी एकदा काय बोलून गेले, ह्यानं आणून ठेवलं. मला कशाला? तू नेस, पोरी." मी सरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, घ्या म्हणून. त्यांना राग आलेला नव्हता, उलट ते मजेत होते. ते लुगडं मी अजून नेसते, आणि छाप चांगला आहे असं सगळे म्हणतात.

मग सर आत गेले. चुलीवरचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला, गाळल्याचा आवाज आला. स्टीलची वाटी दोन्ही हातांत धरून, फुंकर घालत ते बाहेर आले आणि अक्कापुढं उकिडवे बसले.

"शरणु," सर म्हणाले. "कडू हाय. घे."

अक्कानं एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं केलं. "अजून कडूच हाय की रे."

"व्हय," सर म्हणाले. "तेवढंच हाय त्यात."

आणि रिकामी वाटी घेऊन ते विसळायला गेले.